अनुदान मिळालं, चंडोल आला का?

वर्गात घालता येईल असं एक साधं गणित. एका शेतकऱ्याकडे १०० हेक्टर जमीन आहे. सरकार त्याला म्हणतं, 'तुमच्या शेतात पाखरांना, रानफुलांना, किड्यामुंग्यांना थोडी जागा ठेवा. दर हेक्टरी ३० गुण जमवा, आम्ही दर हेक्टरी वर्षाला ३० पौंड देऊ.' म्हणजे ३,००० गुण जमले की वर्षाला ३,००० पौंड. कोणत्या कामाला किती गुण याची यादी सरकारने छापलेली आहे. यादीतली हवी ती कामं निवडायची, बेरीज ३,००० झाली की पाच वर्षांच्या करारावर सही करायची.

हे गणित आम्ही मनाने रचलेलं नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली सुरू झालेल्या 'एन्ट्री लेव्हल स्टुअर्डशिप' या योजनेचा मूळ नियम हाच होता. हजारो शेतकऱ्यांनी ही बेरीज केली आणि पैसे घेतले. २०१४ मध्ये या योजनेत नवे अर्ज घेणं थांबलं आणि तिची जागा दुसऱ्या योजनांनी घेतली. पण तिने उभा केलेला प्रश्न आजही तसाच आहे. बेरीज बरोबर आली, पैसेही मिळाले. पाखरं वाढली का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गंमत लक्षात येते. अनुदान किती, यापेक्षा कोणती कामं निवडली आणि ती शेतात नेमकी कुठे केली यावर बरंच काही ठरतं. आणि ती निवड करताना शेतकऱ्याच्या शेजारी कोण उभं होतं, यावरही. ते कसं, हे आपण एका पाखराच्या मदतीने पाहू.

चंडोलाचं घर का मोडलं?

इंग्लंडचा चंडोल म्हणजे आपल्या माळरानावरच्या चंडोलाचा जवळचा भाऊबंद. मातकट रंगाचा, चिमणीपेक्षा थोडा मोठा. गाता गाता सरळ आकाशात चढतो, ठिपक्याएवढा होतो, तरी गाणं चालूच असतं. घरटं मात्र जमिनीवर, बुटक्या पिकात किंवा गवतात. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतच्या हंगामात त्याला दोन-तीन वेळा पिल्लं काढावी लागतात. एकदाच काढली तर मरणाऱ्यांची भरपाई होत नाही आणि संख्या घटत जाते.

१९७० नंतर ब्रिटनमधले चंडोल निम्म्याहूनही कमी झाले. करड्या तित्तिरांची दशा याहून वाईट. दहांतले नऊ गेले. यामागे कोणी शिकारी नाही. शेतीची पद्धत बदलली.

पूर्वी बरंचसं धान्य वसंतात, म्हणजे मार्चच्या सुमारास पेरत. आधीच्या पिकाची धसकटं हिवाळाभर शेतात उभी राहत. त्यांत सांडलेले दाणे आणि तणांचं बी असे, त्यावर पाखरांचा हिवाळा निघे. पुढे शरदात पेरून हिवाळाभर उभा राहणारा गहू आला. त्याचं उत्पादन जास्त. पण पीक काढलं की लगेच नांगरट आणि लगेच पेरणी. हिवाळ्यात धसकटं उरलीच नाहीत. शिवाय हा गहू मेअखेर इतका उंच आणि दाट होतो की चंडोलाला त्यात उतरता येत नाही. पहिलं घरटं कसंबसं होतं, दुसरं-तिसरं होत नाही. झालंच तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांच्या कडेला. आणि त्याच चाकोऱ्यांमधून कोल्हे फिरतात. तणनाशकांनी तण गेलं, तणावरचे किडे गेले, म्हणजे पिल्लांचा घासही गेला.

आता यादी करू. चंडोलाला आणि शेतातल्या बहुतेक पाखरांना तीन गोष्टी लागतात : घरट्याला जागा, उन्हाळ्यात पिल्लांसाठी किडे आणि हिवाळ्यात दाणे. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी उरलेल्या दोन असून उपयोग नाही. तीन पायांच्या तिवईचा एक पाय काढून पाहा.

मोडायलाही अनुदान, जपायलाही अनुदान

अनुदान आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने अन्नटंचाई पाहिली होती. १९४७ च्या शेती कायद्याने शेतकऱ्याला हमीभाव दिला. जास्त पिकवा, हा त्या काळाचा मंत्र होता. शेतांमधली झुडपी कुंपणं काढून टाकायला, पाणथळ जमिनींचा निचरा करायला सरकारच पैसे देत असे. हे इंग्रजी कुंपण म्हणजे आपल्याकडे कोकणात आणि घाटावर जिला वई म्हणतात तसलंच, पण शेकडो वर्षं जपलेलं. त्यात पाखरं, ससे, फुलपाखरं नांदत.

१९८० च्या सुमारास नॉर्फक परगण्यातल्या हॅलव्हरगेटच्या पाणथळ कुरणांवरून मोठा वाद झाला. कुरणं नांगरून गहू पेरण्यात फायदा होता. नांगरू नये असं वाटणाऱ्यांकडे शेतकऱ्याला देण्यासारखं फारसं काही नव्हतं. अखेर १९८५ साली तिथे प्रयोग म्हणून एक योजना आली. कुरण कुरणच ठेवा, गुरं चारा. एकरी वर्षाला ५० पौंड मिळतील. याच प्रयोगातून पुढे १९८७ पासून निवडक प्रदेशांसाठी आणि १९९१ पासून 'कंट्रीसाइड स्टुअर्डशिप' या नावाने इतरत्र अशी अनुदानं सुरू झाली.

या सर्व योजनांचं तत्त्व एकच. वन्यजीवांसाठी जमीन सोडल्याने शेतकऱ्याचं जे उत्पन्न बुडतं आणि जो खर्च होतो, त्याची भरपाई. हे बक्षीस नव्हे. काम यादीत लिहिल्याप्रमाणे केलं की पैसे मिळतात. पाखरू आलं की नाही, हे त्यात मोजलं जात नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोन शेतकरी, एकच बेरीज

आता सुरुवातीच्या गणिताकडे येऊ. समजा, दोन शेजारी आहेत. दोघांकडे १००-१०० हेक्टर गव्हाची शेती, दोघांच्या शेतात ५ किलोमीटर झुडपी कुंपण. योजनेतले गुण असे होते : कुंपणाची दोन्ही बाजूंनी निगा राखली तर दर १०० मीटरला २२ गुण. शेताच्या कडेला ६ मीटर रुंदीचा गवताचा पट्टा सोडला तर हेक्टरी ४००. हिवाळ्यात धसकटं उभी ठेवली तर हेक्टरी १२०. पाखरांसाठी दाण्याचं मिश्र पीक पेरलं तर हेक्टरी ४५०. आणि गव्हात चंडोलासाठी मोकळा तुकडा सोडला तर प्रत्येक तुकड्याला ५.

पहिल्याने कुंपण घेतलं : १,१०० गुण. उरलेल्यासाठी ४.७५ हेक्टर गवताचे पट्टे : १,९०० गुण. बेरीज ३,०००.

दुसऱ्यानेही कुंपण घेतलं : १,१०० गुण. मग १० हेक्टर धसकटं : १,२०० गुण. १ हेक्टर दाण्याचं पीक : ४५० गुण. आणि चंडोलाचे ५० तुकडे : २५० गुण. बेरीज तीच, ३,०००. पैसेही तेच.

तिवई आठवा. पहिल्याच्या शेतात कुंपणात घरटं करणाऱ्यांना जागा आहे, गवतात थोडे किडे आहेत, पण हिवाळ्यात दाणा नाही. चंडोलाला तर काहीच नाही. तो कुंपणापासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर राहणारा; शेताच्या कडेचं गवत त्याच्या फारशा कामाचं नाही. दुसऱ्याच्या शेतात तिन्ही पाय आहेत. सरकारच्या वहीत मात्र दोघे सारखेच.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांचा कल पहिल्यासारखाच होता. कुंपणं आणि कडेचे पट्टे ही लोकप्रिय निवड होती. शेताच्या मध्यात काही करायला, चंडोलाचे तुकडे सोडायला, फार थोडे तयार झाले. याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. कुंपण आधीपासूनच आहे. त्यासाठी पेरणीचं यंत्र थांबवावं लागत नाही. शिवाय करार मोडला तर पैसे परत द्यावे लागतात, तपासणीला माणसं येतात. ज्याची खात्री नाही अशा कामात पडण्यापेक्षा ओळखीचं काम बरं, असं कोणालाही वाटेल.

चंडोलाच्या तुकड्याने नुकसान किती होतं, तेही मोजू. एक तुकडा साधारण ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे १६ चौरस मीटर. हेक्टरी असे दोन. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यातले ३२ गेले. हजारातले तीन सव्वातीन भाग! पेरणीच्या वेळी यंत्र चार मीटर बंद ठेवायचं, झालं. २००२ ते २००६ या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या 'सॅफी' या संशोधन प्रकल्पात असे तुकडे असलेल्या गव्हात चंडोलांची जवळजवळ निम्म्याने जास्त पिल्लं वाढली. पाखरू तुकड्यातच घरटं करतं असं नाही. तुकड्यात ते उतरतं, किडे टिपतं. घरटं आजूबाजूच्या पिकात असतं. म्हणजे तो तुकडा विमानतळ आणि खानावळ दोन्ही आहे.

मग हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायचं? सरकारी पुस्तिका सगळं सांगते, पण ती सर्व शेतांसाठी एकच असते. इथे सल्लागाराचं काम सुरू होतं.

सल्लागार काय करतो?

सल्लागार म्हणजे फॉर्म भरून देणारा, अशी आपली समजूत होऊ शकते. फॉर्म तो भरतोच, तारखाही सांभाळतो. पण चांगला सल्लागार आधी शेत चालतो. शेतकऱ्याबरोबर, हातात नकाशा घेऊन. बांधावरून, ओढ्याकाठाने, प्रत्येक कोपऱ्यात. आणि प्रश्न विचारत जातो.

इथे आज काय आहे? पूर्वी काय होतं? आजूबाजूच्या पाच-दहा शेतांत काय दिसतं? ज्या भागात उघड्या रानातली पाखरं अजून टिकून आहेत, तिथे नवं कुंपण किंवा झाडांची रांग लावणं म्हणजे चंडोलाला आणि टिटवीला हाकलणं. तेच कुंपण दुसऱ्या खोऱ्यात पिवळ्या भारीटाला घर देतं. 'झाडं लावा' हा सल्ला ऐकायला नेहमी चांगला वाटतो, पण तो नेहमी बरोबर नसतो.

कोणती जमीन तुम्हाला परवडत नाही? प्रत्येक शेतात सावलीचा कोपरा, पाणी साचणारा पट्टा, यंत्र नीट वळत नाही असा त्रिकोण असतो. तिथे मुळात पीक कमीच येतं. गवत, फुलं किंवा पाखरांचे दाणे पेरायला ती जागा बऱ्याचदा चालते. अर्थात सावलीत आणि दलदलीत दाण्याचं पीक चांगलं येणार नसेल तर सल्लागाराने तेही सांगायला हवं. गुण क्षेत्रफळाला मिळतात. पाखरांना मात्र दाणे लागतात.

कुंपण कधी छाटता? दर शरदात छाटत असाल तर त्याच्यावर फुलं-फळं येणारच नाहीत, कारण हॉथॉर्नसारख्या झुडपांना मागच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलं येतात. एक वर्षाआड छाटा, तेही आळीपाळीने. पैसे वाचतील, फळं राहतील. हा सल्ला ऐकून शेतकऱ्याचा खर्च वाढत नाही, उलट घटतो.

मावा कुठून येतो आणि त्याला कोण खातं? १९८० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये शेताच्या मधोमध गवताचे उंचवटे करून पाहिले गेले. दोन मीटर रुंद, गुडघ्याएवढी उंच मातीची वरंबी, तिच्यावर झुपक्यांचं गवत. हिवाळ्यात त्या गवतात भुंगेरे आणि कोळी मुक्काम करतात. वसंतात तिथून पिकात पसरतात आणि मावा फस्त करतात. मोठ्या शेताच्या मध्यापर्यंत ते कडेच्या कुंपणातून वेळेवर पोचत नाहीत, म्हणून ही मधली धर्मशाळा. हे ऐकल्यावर शेतकऱ्याला वन्यजीव आणि पीक ही दोन वेगळी खाती वाटेनाशी होतात.

आणि एक प्रश्न असा, जो यादी स्वतः कधीच विचारत नाही : फेब्रुवारीत काय?

धसकटांचा नियम होता की ती १४ फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवायची. नंतर नांगरायला मोकळीक, कारण वसंताची पेरणी अडून बसू नये. दाण्याचं पीकही जानेवारीअखेर बरंचसं टिपून संपलेलं असतं. नवं बी तयार व्हायला मेअखेर उजाडतो. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, थंडी असताना आणि घरट्यांचा हंगाम तोंडावर असताना, पाखरांच्या पुढ्यात काही नाही. शास्त्रज्ञ याला उपासाची खिंड म्हणतात. नियम पाळले, गुण मिळाले, पैसे मिळाले, आणि पाखरं मार्चमध्ये मेली. पुढच्या योजनांत हे ओळखून धसकटं जास्त काळ ठेवण्याचा पर्याय आला. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत दाणे टाकण्यासाठीही पैसे मिळू लागले. पण जे सल्लागार शेत चालत होते, त्यांना ही खिंड आधी दिसत होती.

सिल्सोची बैठक

शेतकरी आणि निसर्गप्रेमी यांनी एका नकाशावर डोकं घालावं, ही कल्पना तिथे कधीची? जुलै १९६९ मध्ये बेडफर्डशरमधल्या सिल्सो या गावी एक परिषद भरली. शेतीचे लोक आणि वन्यजीवांचे लोक एकत्र आले. त्यांनी भाषणांवर भागवलं नाही. एक शेत घेतलं आणि कामाला लागले : इथे नफ्याची शेती करायची, तर किती वन्यजीवन राहू शकेल? आणि वन्यजीवन राखायचं, तर नफा किती घटेल? दोन्ही बाजूंना काही सोडावं लागलं. याच बैठकीतून 'फार्मिंग अँड वाइल्डलाइफ अ‍ॅडव्हायझरी ग्रुप' हा गट जन्मला. लोक त्याला थोडक्यात 'एफवॅग' म्हणतात. पुढे परगण्यापरगण्यात त्याचे सल्लागार झाले. शेतीही जाणणारे आणि पाखरंही ओळखणारे, अशी माणसं शेतकऱ्याच्या अंगणात येऊ लागली.

दुसऱ्या बाजूला सरकारची स्वतःची शेती-सल्ला सेवा होती. ती १९८० च्या दशकात सल्ल्याचे पैसे आकारू लागली आणि १९९७ मध्ये खासगी झाली. एफवॅगची राष्ट्रीय संस्थाही नोव्हेंबर २०११ मध्ये आर्थिक अडचणीत बंद पडली. काही परगण्यांतल्या गटांनी मात्र स्वतंत्रपणे काम चालू ठेवलं, ते आजही आहे. अनुदानाला सरकारी तिजोरीत जागा मिळते. सल्ल्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, हे मात्र दर वेळी अडतं. सल्ला दिसत नाही ना! आणि ही जागा रिकामी राहत नाही. कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीचा माणूसही शेतकऱ्याला सल्ला देतोच. त्याचा सल्ला वाईट असेलच असं नाही, पण कोणता प्रश्न तो विचारणार नाही याचा अंदाज आपण करू शकतो.

दोन कसोट्या

आम्ही म्हणतो ते खरं कशावरून? दोन अभ्यास पाहू.

२००१ साली डेव्हिड क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध 'नेचर' या नियतकालिकात आला. नेदरलँड्समध्ये त्यांनी करारातली आणि कराराबाहेरची अशी ७८ शेतांच्या जोड्यांची तुलना केली. करारातल्या शेतात गवत उशिरा कापायचं, खत कमी घालायचं, त्याबद्दल पैसे. निष्कर्ष धक्कादायक होता. वनस्पती आणि पक्षी यांच्या जातींत काहीही वाढ नव्हती. माशा-मधमाश्यांत थोडी वाढ होती. आणि कुरणात राहणारे चार नेहमीचे लांब पायांचे पक्षी तर करारातल्या शेतांत कमीच दिसले. एक शक्य कारण असं : खत कमी झाल्यावर मातीतली गांडुळं-अळ्याही कमी होतात. घरटं वाचवायला निघालो आणि ताट काढून घेतलं. पैसे होते, नियम होते, प्रामाणिक शेतकरीही होते. तिवईचा एक पाय राहून गेला.

आता दुसरी बाजू. सर्ल भारीट नावाचं एक पाखरू आहे. चिमणीएवढं; नराचा गळा काळा, तोंडावर पिवळे पट्टे. एके काळी दक्षिण इंग्लंडभर दिसणाऱ्या या पाखराच्या १९८९ साली फक्त ११८ जोड्या उरल्या होत्या, जवळजवळ सगळ्या डेव्हन परगण्याच्या दक्षिण टोकाला. ब्रिटनच्या पक्षीसंरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आधी पाखराला विचारलं, म्हणजे त्याच्यामागे फिरून नोंदी केल्या. हिवाळ्यात ते तणकट असलेल्या जवाच्या धसकटांत दाणे टिपतं. उन्हाळ्यात रांगड्या गवतातले नाकतोडे पिल्लांना भरवतं. घरटं दाट कुंपणात. आणि मुख्य म्हणजे ते लांब जात नाही. हिवाळ्यातही घरट्यापासून दोनेक किलोमीटरच्या आतच राहतं. म्हणजे तिन्ही गोष्टी एका शिवारात हव्यात.

मग स्टुअर्डशिप योजनेत खास या पाखरासाठी वसंतात पेरलेल्या जवाचा आणि त्याच्या धसकटांचा पर्याय तयार झाला. एक कार्यकर्ता नेमला गेला. तो शेतोशेती गेला, शेतकऱ्यांशी बोलला, कोणतं शेत पाखरांच्या टप्प्यात आहे ते दाखवलं, अर्जाला मदत केली. १९९२ ते १९९८ या सहा वर्षांत करारातल्या जमिनीवर या पाखरांची संख्या ८३ टक्क्यांनी वाढली. लगतच्या, कराराबाहेरच्या जमिनीवर वाढ होती २ टक्के. २०१६ च्या गणनेत एक हजाराहून जास्त जोड्या भरल्या : १,०७८.

दोन्हीकडे सरकारी पैसाच होता. फरक असा की डेव्हनमध्ये आधी पाखराची गरज कळली, मग अनुदानाची अट ठरली आणि त्यानंतर ती गरज आणि ती अट जोडून देणारा माणूस शेतकऱ्याच्या दारात गेला.

यादी लांबली, प्रश्न तोच

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इंग्लंडने शेतीची अनुदानं नव्याने मांडली. नुसत्या क्षेत्रफळावर मिळणारे जुने पैसे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी केले आणि 'सार्वजनिक हिताच्या कामाला सार्वजनिक पैसा' हे सूत्र आलं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेची यादी २०२४ पर्यंत शंभरावर कामांची झाली. शंभर पदार्थांची भोजनसूची हातात दिली की पोट भरेलच असं नाही. काही शेतकऱ्यांनी शेताचा मोठा भाग बिनपिकाच्या कामांत घातला. म्हणून २०२४ मध्ये अशा सहा कामांवर शेताच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आणि ११ मार्च २०२५ रोजी ठरलेला निधी संपल्याचं सांगून सरकारने नवे अर्ज घेणं अचानक थांबवलं. आराखडे करून बसलेले शेतकरी दाराबाहेर राहिले. सल्लागार कितीही शहाणा असला तरी बंद दार तो उघडू शकत नाही. दाराचा भरवसा सरकारनेच द्यायचा असतो.

एक चांगली गोष्टही त्याच काळात घडली. आठ-दहा शेजारी शेतकरी मिळून गट करतात, एक सल्लागार घेतात आणि सगळ्यांच्या शेतांचा एकच नकाशा मांडतात. २०१५ पासून अशा गटांच्या सल्लागारासाठी वेगळा निधीही मिळू लागला. एकाच्या शेतात दाणे, दुसऱ्याच्या शेतात घरटी. पाखराला सातबारा वाचता येत नाही. त्याची शिवारं त्याच्या पंखांनी ठरतात.

वर्गात काय करता येईल?

सर्ल भारीटाचे भाऊबंद, काळ्या डोक्याचे भारीट, दर हिवाळ्यात हजारोंच्या थव्यांनी आपल्या ज्वारी-गव्हाच्या शेतांत येतात. आपले पाहुणे काय खातात, कुठे झोपतात, हे पाहायला इंग्लंडला जायला नको.

वर दिलेले गुण फळ्यावर लिहा. मुलांचे गट करा. काही गट शेतकरी : १०० हेक्टरचा नकाशा काढून ३,००० गुण जमवायचे. बाकीचे गट पाखरं : एक चंडोल, एक तित्तिर, एक भारीट. पाखरांच्या गटांनी प्रत्येक नकाशात आपलं घर, पिल्लांचं अन्न आणि अडचणीच्या महिन्यांतलं अन्न शोधायचं. जो नकाशा पाखरांना नापास होईल, तो का झाला ते शेतकऱ्यांच्या गटाने ऐकून घ्यायचं आणि बेरीज तशीच ठेवून निवड बदलायची. बदलता बदलता लक्षात येईल की गणित बेरजेचं नव्हतंच.

मग एका सकाळी शाळेजवळचा एखादा बांध चाला. वहीत तीन रकाने करा : घर, पिल्लांचं अन्न, अडचणीतलं अन्न. बांध पेटवतात का, कधी? धसकटं कधी निघतात? बाभळ, बोर, करवंदी कुठे उरली आहे? आणि आपल्याकडची उपासाची खिंड कोणती, फेब्रुवारी की मे? शेतमालकाला सोबत घ्या. त्याला शिकवायला नव्हे, विचारायला. सिल्सोच्या बैठकीचं सगळं सार तेवढंच होतं.